सरकार नसताना जमीन कोणाची?

१२ फेब्रुवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियाचा अमेरिकी लष्करी प्रशासक कर्नल रिचर्ड मेसन याने एक फर्मान काढले. खाणीचा शोध लागला की तो सरकारदरबारी नोंदवायचा आणि हक्क मिळवायचा, ही तिथे चालत आलेली मेक्सिकन पद्धत त्याने रद्द केली. तिच्या जागी काय येणार, याबद्दल फर्मानात अवाक्षर नव्हते. प्रांत नुकताच मेक्सिकोकडून जिंकलेला होता. तहावर दहाच दिवसांपूर्वी सह्या झाल्या होत्या आणि त्याची बातमीही अजून तिथवर पोचलेली नव्हती.

त्याआधी तीनच आठवडे, २४ जानेवारीला, अमेरिकन नदीच्या काठी कोलोमा इथे एका लाकूडगिरणीचे काम चालू असताना जेम्स मार्शल या सुताराला पाटाच्या पाण्यात सोन्याचे कण दिसले होते. पुढच्या सहा-सात वर्षांत जगाच्या कानाकोपऱ्यातून सुमारे तीन लाख माणसे या प्रांतात येऊन धडकली. सोने ज्या जमिनीत होते ती बहुतेक सगळी अमेरिकी संघराज्याची. ती विकत किंवा भाड्याने देण्याचा कायदाच अस्तित्वात नव्हता. म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर तिथे कुदळ मारणारा प्रत्येक जण अतिक्रमण करणारा होता. त्याला हुसकावणार कोण? मेसनच्या सैनिकांना महिन्याला ७ डॉलर पगार मिळे आणि खाणीवर एका दिवसात त्याहून जास्त सुटत. सैनिक पळून खाणीवर गेले. जुलैमध्ये मेसनने स्वतः खाणींचा फेरफटका मारला आणि वॉशिंग्टनला कळवले की सरकारी जमिनीतल्या सोन्यावर काही भाडे बसवावे असे मनात आले होते, पण मुलूख अफाट आणि फौज तुटपुंजी, तेव्हा दंगेधोपे झाल्याखेरीज मध्ये पडायचे नाही असे ठरवले आहे.

सोने, बंदुका, अनोळखी माणसे आणि वर कोणीच नाही. राज्यसंस्था नसेल तर खाजगी मालमत्ता टिकेल का, या जुन्या प्रश्नाची इतकी चोख परीक्षा कुणी मुद्दाम मांडायची म्हटली असती तरी जमली नसती.

प्रश्न खरोखरच जुना आहे. टॉमस हॉब्जने १६५१ मध्ये ‘लेव्हायथन’मध्ये सांगून टाकले होते की सार्वभौम सत्ता नसेल तिथे माझे आणि तुझे हा भेदच उरत नाही. हाताला लागेल ते आपले, तेही राखता येईल तोवर. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण त्याला ठाऊक असती तर त्याची बरीच पाने वाचली असती. जेरेमी बेंथमचे म्हणणे आणखी बांधेसूद. मालमत्ता म्हणजे हातातली वस्तू नव्हे; ती उद्याही आपल्याकडेच राहील ही खात्री म्हणजे मालमत्ता, आणि ती खात्री देणारा कायदा काढून घेतला की मालमत्ताही संपली. जॉन लॉकने नेमके उलटे मांडले होते. माणूस जमिनीत आपले श्रम घालतो तेव्हाच ती त्याची होते. राज्य नंतर येते, आणि येते तेच मुळी आधीच असलेल्या या मालमत्तेची राखण करायला. डेव्हिड ह्यूम या वादात मला सर्वात शहाणा वाटतो. त्याच्या मते एकमेकांच्या वस्तूंना हात न लावण्याची रीत ना निसर्गाने दिली, ना राजाने. कुणी कुणाला वचन न देता, दोघांच्याही सोयीची म्हणून ती हळूहळू अंगवळणी पडते.

हे सगळे ग्रंथातले झाले. खाणीवर काय घडले ते पाहू.

नदीच्या एखाद्या वळणावर सोने सापडल्याची हाक उठली की शे-दोनशे माणसे जमत. त्यांतल्या कुणाच्या तरी पुढाकाराने सभा भरे, अध्यक्ष निवडला जाई आणि एकदोन तासांत त्या वस्तीपुरते नियम ठरत. हद्द कुठून कुठवर, एका माणसाला किती जागा, ती राखायची कशी. जागेला ते ‘क्लेम’ म्हणत. माती श्रीमंत असेल तिथे क्लेम दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद इतका लहानही असे. सोने विरळ असेल तिथे तो शंभर फुटांपर्यंत जाई. गर्दी वाढली की पुन्हा सभा भरे आणि मापे आखडली जात. ज्याने पहिल्यांदा सोने शोधले त्याला बहुतेक ठिकाणी एक क्लेम जास्तीचा मिळे. बाकीच्यांना एकेकच. दुसरा हवा तर कुणाकडून तरी विकत घ्या आणि तसा कागद दाखवा.

जागा राखण्याची खूण म्हणजे कुदळ आणि फावडे. खड्ड्यात हत्यारे पडलेली आहेत म्हणजे मालक जेवायला गेला आहे, येईल. एसटीच्या सीटवर खिडकीतून टाकलेल्या रुमालाला आपल्याकडे जो मान आहे तोच तिथे कुदळीला होता, फक्त तिथे सीटखाली सोने होते. पण नुसती हत्यारे टाकून कायमचे निघून जाता येत नसे. तीन दिवसांतून एक दिवस किंवा आठवड्यातून एक दिवस, जसा त्या वस्तीचा नियम असेल तसे, काम केलेच पाहिजे. नाही केले तर क्लेम मोकळा, दुसऱ्याने उडी मारावी. आजारी माणसाला सूट असे. नदीला पाणी नसेल, माती धुताच येत नसेल, तेव्हाही असे. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपल्याकडे विसाव्या शतकात गाजली. कॅलिफोर्नियातल्या खणकऱ्यांनी तिचा अंमल त्याआधी शंभर वर्षे, कुठल्याही विधिमंडळाविना करून दाखवला होता.

वस्ती जरा स्थिरावली की एक नोंदणीकार निवडला जाई. थोडकी फी घेऊन तो वहीत क्लेम लिहून घेई. वाद झाला तर पंच नेमले जात किंवा सगळी सभाच निवाडा करी. चोरीला मात्र शिक्षा क्रूर होत्या, कारण तुरुंग नव्हते. फटके, हकालपट्टी नाहीतर थेट फास. आजचे प्लेसरव्हिल गाव त्या काळी ‘हँगटाउन’ म्हणून ओळखले जाई, ते १८४९ मधल्या फाशींमुळे. तेव्हा या व्यवस्थेला गोड रामराज्य समजण्याचे कारण नाही. तरीही एक गोष्ट कबूल करावी लागते. क्लेमवरून जितके खून पडायला हवे होते असे हॉब्ज वाचून वाटेल, तितके पडले नाहीत.

का? जॉन अंबेक या अर्थतज्ज्ञाचे उत्तर प्रसिद्ध आहे. प्रत्येकाकडे जवळपास सारखीच बंदूक होती, म्हणून वाटणीही जवळपास सारखी झाली. ज्या वाटणीत एखाद्याला लढून जास्त मिळेल असे वाटले असते ती वाटणी टिकलीच नसती. मला हे उत्तर अर्धे पटते. बंदुकीमुळे एकट्या माणसाला दुसऱ्या एकट्याला लुटणे महाग पडते, हे खरे. पण पाच जण मिळून एकाला कधीही उठवू शकत होते. ते का होत नसे याचे उत्तर नदीत आहे. वरच्या अंगाला दोन मैलांवर नवी जागा सापडण्याची आशा होती, मग मरण्या-मारण्याची जोखीम कशाला? शिवाय क्लेम दोन-चार महिन्यांत संपून जाई. आज जो जागा धरून बसला आहे तोच उद्या नव्या वळणावर जागा शोधत फिरणार होता. सभेत हात वर करताना प्रत्येक जण धारकाच्याही बाजूने मत देत होता आणि शोधणाऱ्याच्याही. नियम दोघांना सोसवतील असेच बनले.

जॉन सटरची कथा याच्या शेजारी ठेवून पाहावी. कोलोमाची ती लाकूडगिरणी त्याची होती. मेक्सिकन गव्हर्नरने १८४१ मध्ये दिलेल्या सनदेने सुमारे ४८ हजार एकर जमीन त्याच्याकडे आली होती. किल्ला, गुरे, गव्हाची शेते, सगळे होते. कोलोमाची जागा सनदेबाहेर, म्हणून त्याने तिथल्या मूळ रहिवाशांकडून ती भाडेपट्ट्याने लिहून घेतली आणि मेसनकडे मंजुरीला धाडली. मेसनने ती फेटाळली. कारण, अमेरिकी सरकारच्या लेखी त्या लोकांना जमीन भाड्याने देण्याचा हक्कच नव्हता. मग गर्दी आली. तिने सटरची गुरे मारून खाल्ली, शेते तुडवली, त्याच्या जमिनीवर तळ ठोकून ती आपली म्हणून वाटून घेतली. त्याची ही सनद पुढे न्यायालयाने मान्य केली. तोवर त्याच्या हातात काही उरले नव्हते. भरपाईसाठी काँग्रेसचे उंबरे झिजवता झिजवता तो १८८० मध्ये वॉशिंग्टनमध्ये मेला. दहा फुटांच्या खड्ड्यावर एक शिक्काही नसताना हक्क टिकला आणि सही-शिक्क्यानिशी ४८ हजार एकर गेले. सटरच्या कागदामागे उभे राहील असे राज्य तेव्हा जागेवर नव्हते, आणि आजूबाजूच्या माणसांना तो कागद मान्य करण्याचे काही कारण नव्हते.

इथवरची कहाणी राज्याशिवाय सगळे चालते असे मानणाऱ्यांना फार आवडते. चार्ल्स शिन या लेखकाने १८८५ मध्ये खाणवस्त्यांवर एक पुस्तकच लिहिले. त्याला त्या सभांत प्राचीन जर्मन गावसभांचे पुनरागमन दिसले. त्याला जे पुरेसे दिसले नाही ते असे की सभेत कोण बसू शकते हे सभाच ठरवत होती.

सोनोराहून आलेले मेक्सिकन, चिलीहून आलेले खणकरी हे या कामात अमेरिकनांपेक्षा वाकबगार होते. कित्येक वस्त्यांच्या नियमांत परदेशी माणसाला क्लेम धरता येणार नाही असे कलम घातले गेले. १८५० मध्ये नव्या राज्याच्या विधिमंडळाने परदेशी खणकऱ्यांवर महिना २० डॉलरचा कर बसवला. तो पुढच्या वर्षी मागे घेतला आणि १८५२ मध्ये कमी दराने पुन्हा आणला. त्याचा भार मुख्यतः चिनी माणसांवर पडला. चिन्यांनी मग गोऱ्यांनी सोडून दिलेल्या गाळात सोने शोधायचे, आणि तिथे चांगले सापडू लागले की हुसकावून घ्यायचे. न्यायालयात जावे तर १८५४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष चालणार नाही. मूळ रहिवाशांचे हाल याहून भयानक झाले. सोने सापडले तेव्हा त्यांची संख्या सुमारे दीड लाख मानली जाते. १८७० च्या सुमारास ती जेमतेम तीस हजारांवर आली. रोगराई, उपासमार आणि कत्तली. नद्या त्यांच्या होत्या, हे कुठल्याही खाणवस्तीच्या वहीत नोंदलेले नव्हते. आणि राज्य उभे राहिल्यावर त्याने त्यांना वाचवले असेही नाही. त्यांच्यावर गेलेल्या मोहिमांचा खर्च राज्यानेच उचलला.

राज्य आले ते नव्या नियमांची पेटी घेऊन आले नाही, हेही नोंदवण्यासारखे. १८५१ च्या दिवाणी प्रक्रिया कायद्यात एक छोटे कलम आहे. खाणीच्या वादात त्या त्या वस्तीच्या रूढी आणि नियम, राज्याच्या कायद्याशी विसंगत नसतील तर, निर्णायक मानावेत. ते लिहिणारा स्टीफन फील्ड स्वतः मेरिसव्हिल गावाचा निवडून आलेला अल्काल्डे, म्हणजे गावचा न्यायाधीशवजा कारभारी होता. पुढे तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर गेला. १८५५ मध्ये नदीच्या पाण्याचा वाद आला. काठावरच्या माणसाचा हक्क मोठा, की आधी पाट काढून पाणी वळवणाऱ्याचा? कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने खाणीवरची ‘पहिला आला तो पहिला’ ही रीत उचलून धरली. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांचा पाणीहक्काचा कायदा याच रीतीतून वाढला. १८६६ मध्ये संघराज्याने हे सगळे मान्य केले आणि १८७२ चा खाणकायदा तर आजही चालू आहे.

पण मग राज्याची गरजच काय पडली? वरवरचे सोने संपले म्हणून. नेवाडातल्या कॉमस्टॉक शिरेत १८५९ पासून चांदी-सोने जमिनीखाली खोलवर निघू लागले. शीर तिरपी उतरत शेजाऱ्याच्या क्लेमखाली जाई, पंपांना आणि बोगद्यांना लाखो डॉलर लागत आणि ते पैसे सॅन फ्रान्सिस्कोतले भागधारक देत, ज्यांनी ती खाण कधी पाहिलीही नव्हती. त्यांना कुदळीची खूण पुरेना. खटल्यांचा पूर आला. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्याकडून, न पाहिलेली वस्तू, वीस वर्षांच्या भरवशावर घ्यायची तर सभेतले हात कमी पडतात.

खाणवस्त्या चार दिवसांच्या, असा आक्षेप कुणी घेईल. त्याने आइसलंड पाहावे. ९३० मध्ये तिथे अल्थिंग ही सभा स्थापन झाली आणि १२६२ पर्यंत, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षे, त्या बेटावर राजा नव्हता, फौज नव्हती, पोलीस नव्हते. कायदा होता. एक कायदेवाचक दरवर्षी त्याचा तिसरा हिस्सा सभेपुढे तोंडपाठ म्हणून दाखवी. न्यायसभा निकाल देत, पण अंमलबजावणी जिंकलेल्यानेच करायची. दुबळ्या माणसाला आपला दावा बलवानाला देऊन टाकता येई, मग तो वसूल करी. निकाल न मानणारा कायद्याबाहेर फेकला जाई. त्याला कुणीही मारले तरी गुन्हा नाही. या व्यवस्थेत शेतीवाडी विकली गेली, वारशाने गेली, तिच्यावरून भांडणेही झाली. मोडली ती कशी? सरदारक्या विकत-वारशाने मिळत, त्या हळूहळू मोजक्या घराण्यांत गोळा झाल्या, त्यांच्यात यादवी माजली आणि शेवटी थकलेल्या बेटाने नॉर्वेच्या राजाला नमस्कार केला. सत्तेची मक्तेदारी नको असलेल्या समाजातही ती मागील दाराने शिरते, असा तिथला अनुभव आहे.

मराठी मुलखाचा दाखला द्यायचा तर तो अराजकाचा नाही. आपल्याकडे राज्ये होती, उलट जरा जास्तच होती. बहमनी गेली, निजामशाही-आदिलशाही आली, मोगल आले, छत्रपती, पेशवे. बदलले नाही ते वतन. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी हे सगळे हक्क वंशपरंपरेने चालत, भावांत वाटले जात, पैसे घेऊन विकले जात. मिरासदार दुष्काळात गाव सोडून गेला आणि कित्येक वर्षांनी परतला, तरी त्याची जमीन त्याची हे गाव मान्य करी. ही नोंद कुठल्या दप्तरात होती? बरीचशी गावाच्या स्मरणात. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. तीत हुद्देदार, मोकदम, बलुतेदार, शेजारच्या गावचे पाटील असत. साक्षी होत, क्वचित उकळत्या तेलातून धातूचा रवा काढण्याचे दिव्य होई आणि महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, लिहिला जाई. त्यावर पाटलाची निशाणी नांगर, कुंभाराची चाक, लोहाराची हातोडा. हरणाऱ्याकडून येजितखत लिहून घेत, म्हणजे पुन्हा हा वाद उकरून काढणार नाही याची कबुली. जिंकणाऱ्याने हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. दोन्ही रकमा सरकारात जात. निवाडा गोताचा आणि फी सरकारची, अशी ही सोयीस्कर विभागणी होती.

राजसत्ता दुबळी झाली तेव्हा या हक्कांचे काय झाले, हे पाहायला राजारामाचा काळ सोयीचा आहे. छत्रपती जिंजीत अडकलेले, मोगल दख्खनेत, आणि देशमुख मधल्यामध्ये. दोन्ही पक्ष वतनदारांना आपल्याकडे ओढायला सनदा वाटत होते. एकाच वतनावर दोघा-तिघांच्या सनदा झाल्या आणि पुढची कित्येक वर्षे ते तंटे निस्तरण्यात गेली. सरकारी कागद वाढला आणि त्याची किंमत घसरली. वतनदार हे खरे तर राज्यात वाटा मागणारे छोटे राजेच आहेत, अशी तक्रार रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आहे, ती याच अनुभवातून आलेली.

आणि इथेही सभेत कोण, हा प्रश्न होताच. दोन गावांच्या शिवेचा तंटा लागला की शीव कुठून जाते हे महाराला विचारत. त्याने शपथेवर चालून दाखवलेली रेघ मान्य होई. कॅलिफोर्नियात चिन्याची साक्ष चालत नव्हती. इथे महाराची साक्ष चालत होती आणि तरी ज्या गावाची हद्द त्याने आखून दिली त्या गावाच्या वेशीबाहेर तो राहत होता. त्याला मिळालेल्या वतनी जमिनीच्या तुकड्यापायी अख्ख्या घराण्याच्या गळ्यात गावकीची बिनपैशाची राबणूक पडत होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले ते यासाठी. कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. गोताच्या न्यायाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवावे.

इंग्रजांनी १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या हातून नवी मोजणी सुरू केली. प्रत्येक शेताला क्रमांक, हद्दीचे दगड, वहीत खातेदाराचे नाव. आता जमीन गावाच्या आठवणीतून निघून सरकारी दप्तरात गेली. त्याबरोबर ती गहाणही सहज पडू लागली, कारण कर्जदार बुडाला तर दिवाणी न्यायालय सावकाराला हुकूमनामा देणार होते. गावाला काय वाटते याच्याशी त्या न्यायालयाला देणेघेणे नव्हते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावातून दंगे पेटले तेव्हा शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या कागदांवर होता. त्यांनी कर्जखते जाळली. आपली जमीन कशाने जाते आहे ते त्यांना नेमके कळले होते.

आजचा कायदाही वाचकाला वाटतो तितका कागदावर उभा नाही. सातबारा हा महसुलाचा उतारा आहे. त्यातली नोंद उलटे सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, इतकेच. एकट्या त्याच्या जोरावर मालकी ठरत नाही. नोंदणी कचेरी दस्ताची नोंद करते, विकणारा खरा मालक आहे याची हमी देत नाही. दुसऱ्याची जमीन उघडपणे, मालकाला झुगारून बारा वर्षे ताब्यात ठेवली आणि मालकाने दावा लावला नाही, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने त्याचा हक्क संपतो. त्याच वर्षीच्या विशिष्ट अनुतोष कायद्यात, बेकायदा हुसकावलेल्या माणसाला मालकी सिद्ध न करताही सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. एकच अपवाद आहे: असा दावा सरकारविरुद्ध चालत नाही. अपवाद कुणी लिहिला हे सांगायला नकोच.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तर हा प्रयोग रोज चालू आहे. जमीन महापालिकेची, राज्याची नाहीतर रेल्वेची. वर उभ्या खोल्या मात्र स्टॅम्पपेपरवर विकल्या जातात, भाड्याने जातात, वारशाने मिळतात. व्यवहाराला शेजारी साक्षीला असतात आणि तंटा झाला तर वस्तीतली वजनदार माणसे बसतात. पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांडो डी सोटो यांनी २००० साली लिहिलेल्या पुस्तकात अशा मालमत्तेला मृत भांडवल म्हटले, कारण तिच्यावर बँक कर्ज देत नाही. ते बरोबर आहे, पण खोलीत राहणाऱ्याला ती मेलेली वाटत नाही.

मालमत्तेचा रक्षक म्हणून राज्याचे वर्तन कसे? १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघाला. उरले कलम ३००-अ, म्हणजे कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. हिमाचल प्रदेशात १९६७-६८ मध्ये एका बाईची जमीन रस्त्यासाठी घेतली गेली, ना संपादनाची कारवाई, ना मोबदला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा राज्याने काय बाजू मांडावी? जमीन इतकी वर्षे आमच्या ताब्यात आहे, तेव्हा ती आता आमचीच. न्यायालयाने २०२० मध्ये हा बचाव झिडकारून भरपाई द्यायला लावली. राज्याने नागरिकाविरुद्ध क्लेमवर उडी मारणाऱ्याची भाषा वापरली, आणि राज्याच्याच एका अंगाने त्याला थोपवले. दोन्ही गोष्टी एकाच खटल्यात आहेत.

माझे उत्तर असे. राज्याशिवाय मालमत्ता असू शकते, होती, आणि राज्य असलेल्या ठिकाणीही तिचा मोठा भाग राज्याविनाच चालतो. बेंथम या मुद्द्यावर चुकला. पण ती चालते एकमेकांना ओळखणाऱ्या, एकमेकांची गरज असलेल्या माणसांच्या वर्तुळात, आणि तेवढ्यापुरतीच. वर्तुळाबाहेरच्या माणसासाठी हॉब्ज बरोबर ठरतो. राज्य मालमत्ता निर्माण करत नाही. ते वर्तुळ वाढवते, कधी सावकाराच्या सोयीसाठी, कधी बाहेर ठेवलेल्याला आत घेण्यासाठी.

हे वर्तुळ आपल्या घरापर्यंतही येते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला. गावात त्यावर तोडगा तयार आहे, हक्कसोडपत्र. भाऊबंद बसतात, ‘माहेर तुटेल’ असे कुणीतरी म्हणते आणि बहीण सही करते. तेव्हा जमिनीच्या वाटणीला बसाल त्या दिवशी सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा पुढ्यात घ्याच, पण बहिणीलाही वाटणीला बसवा, आणि सही मागण्याआधी तिच्या हिश्शाचे क्षेत्र आणि आजचा भाव तिला आकड्यांत सांगा.